केबिन रोडपुरतं लिनक्स

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चे नियमित अपडेट थांबले. विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. भाईंदर पूर्वेच्या केबिन रोडवर सोसायटीच्या ऑफिसात, पहिल्या मजल्यावरच्या शिकवणी वर्गात किंवा दुकानाच्या गल्ल्यामागे जे असेम्बल केलेले पीसी आहेत, त्यांतले कितीतरी या अटीत बसत नाहीत. मशीन धड असतं, फक्त त्याला वाली उरलेला नसतो. अशा मशीनांसाठी आपण चार जणांनी मिळून एक हलकं, आटोपशीर लिनक्स तयार करावं, असं कॉलेजातल्या किंवा आयटीत काम करणाऱ्या काहींच्या मनात येतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा. आयएसओ तयार करणं हे दोन-तीन सुट्ट्यांचं काम आहे. ती फाइल ज्याच्या मशीनवर बसली, त्याला पुढची पाच वर्षं उत्तरं देणं म्हणजे डिस्ट्रो चालवणं. त्यामुळे तुमची डिस्ट्रो किती लहान असावी हे आयएसओच्या आकारावरून ठरवू नका. अडल्यावर धावून जाणारी माणसं किती आहेत, त्यावरून ठरवा. तुम्ही घातलेल्या प्रत्येक पॅकेजबद्दल कुणीतरी कधीतरी प्रश्न विचारणार आहे. उत्तर द्यायला माणूस नसेल तर ते पॅकेज घालू नका.

काहीही नवं करण्याआधी जे तयार आहे ते वापरून बघा. हलक्या डिस्ट्रोंची परंपरा मोठी आहे. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलर यांनी २००३मध्ये पपी लिनक्स सुरू केलं. डॅम स्मॉल लिनक्सने ५० एमबीची मर्यादा घालून घेतली होती आणि ते व्हिजिटिंग कार्डाएवढ्या सीडीवर मावायचं. टायनी कोअर त्याहूनही लहान. ग्रीसमध्ये सुरू झालेलं अँटीएक्स आजही जुन्या मशीनांवर उत्तम चालतं. आपल्याकडे सीडॅकचं बॉस लिनक्स २००७पासून आहे. यांतली दोन-तीन एखाद्या कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅमच्या पीसीवर टाका आणि महिनाभर त्याच्यावरच खरी कामं करा: मेंटेनन्सची बिलं काढणं, वीजबिल भरणं, शाळेची पीडीएफ छापणं, यूट्यूबवरचं व्याख्यान ऐकणं. जे अडेल ते वहीत लिहा. बहुतेकदा त्या यादीत कीबोर्ड, फॉन्ट, प्रिंटर आणि चार-दोन सेटिंग यांपलीकडे काही नसतं. तसं असेल तर तुम्हाला नवी डिस्ट्रो नको आहे. डेबियनवर बसणारं एक छोटं पॅकेज आणि ते बसवून देणारी माणसं एवढंच पुरे. यात कमीपणा काही नाही. मला तर हाच मार्ग सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

पाया म्हणून डेबियनच घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. तिथे सुरक्षेची चमू वर्षानुवर्षं काम करते आहे, साधारण दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते आणि दीर्घकालीन आधार धरला तर एक आवृत्ती पाच वर्षं वापरता येते. आर्चसारख्या सतत बदलत्या डिस्ट्रोवर महिन्यातून एकदा पीसी उघडणाऱ्या माणसाला बसवणं म्हणजे त्याला दर महिन्याला नव्या अडचणीत टाकणं. अल्पाइन अगदी लहान आहे, पण त्याची मूळ लायब्ररी वेगळी असल्यामुळे कंपन्यांनी तयार करून दिलेले, बंद स्वरूपाचे प्रिंटर ड्रायव्हर त्यावर सहसा चालत नाहीत. सर्व्हरसाठी ते छान आहे, सोसायटीच्या सेक्रेटरींसाठी नाही.

३२ बिटचा मोह सोडा. ९ ऑगस्ट २०२५ला आलेल्या डेबियन १३मध्ये ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल दिलेलं नाही. फायरफॉक्सनेही १४५व्या आवृत्तीपासून ३२ बिट लिनक्स सोडलं. कोअर टू ड्युओ ६४ बिटच आहे. मागे राहतात ते पेंटियम फोरचे काही पीसी आणि ॲटमवाले छोटे नेटबुक. त्यांच्यासाठी डेबियन १२वर बेतलेलं अँटीएक्स २३ पेन ड्राइव्हवर देऊन टाका आणि डेबियन १२चा दीर्घकालीन आधार जून २०२८पर्यंतच आहे हे तेव्हाच सांगा.

आता हलकेपणाबद्दल. मोठा डेस्कटॉप काढून आइसडब्ल्यूएम किंवा ओपनबॉक्स घातलं की बूट झाल्यावरचा रॅमचा आकडा एकदम खाली येतो आणि तो बघून हुरूप येतो. पण वाचलेले तीनचारशे एमबी ब्राउझरचे दोन-तीन टॅब सहज खाऊन टाकतात. माणूस ज्याला ‘कॉम्प्युटर स्लो आहे’ म्हणतो, तो स्लो असतो ब्राउझरमुळे आणि जुन्या हार्ड डिस्कमुळे. म्हणून खरी मेहनत तिथे घ्या: झेडरॅम चालू करा म्हणजे मेमरीतला मजकूर दाबून ठेवला जातो, फायरफॉक्ससोबत यूब्लॉक ओरिजिन आधीच बसवून द्या, आणि खर्च करायची तयारी असलेल्या घरी लहानशी एसएसडी घ्यायला सांगा. शेवटच्या उपायाने जो फरक पडतो तो कुठल्याही विंडो मॅनेजरने पडत नाही. आणखी एक. पॅकेज बसवताना ‘रिकमेंड्स’ सरसकट बंद करायची सवय अनेकांना असते. त्याने आयएसओ लहान होते खरी, पण पेन ड्राइव्ह आपोआप उघडणं, आवाज, छपाई यांतलं काहीतरी निमूट गायब होतं आणि ते कळतं तेव्हा समोरच्या माणसाला घाई असते. जे काढाल ते एकेक करून, तपासून काढा.

मराठीकडे मात्र हात आखडता घेऊ नका. तुमच्या डिस्ट्रोला स्वतःचं असं काही द्यायचं असेल तर ते इथेच आहे. २०००च्या सुमारास मुंबईत वेंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांनी इंडलिनक्स सुरू केलं, तेव्हा लिनक्सच्या पडद्यावर भारतीय लिप्या धड दिसाव्यात यासाठीच झगडावं लागत होतं. पुढे रेड हॅटने २००४मध्ये लोहित फॉन्ट मुक्त परवान्याने दिले आणि कंपनीच्या पुण्यातल्या मंडळींनी व इतर स्वयंसेवकांनी मेनूंची भाषांतरं केली. ती भाषांतरं आणि फॉन्ट मूळ प्रकल्पांत गेले, म्हणून आज कोणत्याही डिस्ट्रोत आयते मिळतात. तुम्हीही चुकीचं भाषांतर किंवा फॉन्टातला दोष सापडला की तो आपल्याच आयएसओत दुरुस्त करून थांबू नका. मूळ प्रकल्पाकडे पाठवा. तुमची डिस्ट्रो उद्या नसली तरी दुरुस्ती राहील.

लोकेल मराठीचं ठेवा, हिंदीचं नको. नोटोसारख्या फॉन्टात भाषेनुसार अक्षरं बदलायची सोय असते. लोकेल मराठी असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात मराठी वर्णमालेतल्या अक्षरांची रूपं ठरवून दिलेली आहेत, ती समोर ठेवून तपासा. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ला आलं, त्यामुळे जुन्या फॉन्टात त्याच्या जागी चौकोन दिसतो. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘ऱ्हास’, ‘ॲप’, ‘ऑफिस’ हे शब्द ब्राउझरमध्ये, लिबरऑफिसमध्ये आणि छापलेल्या कागदावर, तिन्ही ठिकाणी पाहा. पडद्यावर बरोबर आणि पीडीएफमध्ये मोडलेलं, असं होतं.

कीबोर्ड दोन द्या: टायपिंग शिकलेल्यांसाठी इन्स्क्रिप्ट आणि मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांसाठी आयबसमधला फोनेटिक. कोणता चालू आहे हे पट्टीवर ठळक दिसलं पाहिजे. लॉगिनच्या पडद्यावर मात्र इंग्रजीच ठेवा, नाहीतर बरोबर पासवर्ड टाकूनही दार उघडत नाही आणि माणूस हवालदिल होतो. केबिन रोडवर गुजराती आणि मारवाडी कुटुंबंही भरपूर आहेत, तेव्हा गुजराती फॉन्ट आणि कीबोर्ड पहिल्या दिवसापासून घाला. त्याला जागा अगदी थोडी लागते.

मेनू मराठीत असावेत की इंग्रजीत, हे वापरणाऱ्याला विचारा. मला स्वतःला मराठी मेनू पाहून आनंद होतो, पण ज्यांचा भाचा किंवा शेजारी फोनवरून ‘फाइलमध्ये जा, सेव्ह ॲज करा’ असं सांगतो, त्यांच्या पडद्यावर तेच शब्द असलेले बरे. मदत करणारा आणि मदत घेणारा यांना एकच शब्द दिसला पाहिजे.

जुन्या फायलींचा प्रश्न हमखास येणार. श्रीलिपी, कृतिदेव किंवा डीव्ही-टीटी सुरेखमध्ये टाइप केलेली सोसायटीची इतिवृत्तं युनिकोड नसल्यामुळे नव्या मशीनवर अगम्य इंग्रजी अक्षरांसारखी दिसतात. ते फॉन्ट तुम्ही आयएसओत घालून वाटू शकत नाही, परवाना आड येतो. मशीन बदलण्याआधी अशा फायलींची पीडीएफ काढून घ्या आणि लागणारा मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा, पण जोडाक्षरं डोळ्यांनी तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

छपाई हा दुसरा कसोटीचा विषय. आपल्याकडे दुकानादुकानांत दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० आणि एचपीचा लेझरजेट १०२०, हे दोन्ही लिनक्सला त्रास देणारे आहेत. कॅननची छपाईची भाषा त्यांच्या कंपनीची खासगी, ड्रायव्हर जुना आणि बंद. एचपीला दर वेळी चालू केल्यावर संगणकाकडून फर्मवेअर द्यावं लागतं आणि ते आधी उतरवून घ्यायला लागतं. तेव्हा एक तक्ता करा: कोणता प्रिंटर लगेच चालतो, कोणता खटपटीने, कोणता चालत नाही. आपल्या भागातले दहा-बारा मॉडेल त्यात आले की तो तक्ता तुमच्या डिस्ट्रोतला सर्वांत उपयोगी कागद ठरेल.

आणि काही ठिकाणी सरळ नाही म्हणा. टॅलीवर धंद्याचे हिशेब असतील, जीएसटीसाठी डिजिटल सहीचं यूएसबी टोकन लागत असेल, किंवा पेजमेकर आणि श्रीलिपीवर लग्नपत्रिका जुळवल्या जात असतील, तर त्या मशीनला हात लावू नका. ‘वाइनवर चालेल बहुतेक’ असं सांगून एखाद्याचा रिटर्न भरायचा दिवस बुडवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तयार करण्याच्या कामाबद्दल थोडक्यात. डेबियनचं लाइव्ह-बिल्ड वापरा. पॅकेजांची यादी आणि सगळी सेटिंग गिटमध्ये ठेवा. दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळ्या मशीनांवर तीच आयएसओ तयार करून दाखवली पाहिजे, नाहीतर ती एकाच्या लॅपटॉपमध्ये अडकलेली आहे असं समजा. कर्नल स्वतः कम्पाइल करू नका. तुमची स्वतःची पॅकेजं पाच-सहाच असू द्यात. बाकी सगळं थेट डेबियनच्या सर्व्हरवरून येऊ द्या, म्हणजे सुरक्षेचे अपडेट तुमच्या झोपेवर अवलंबून राहणार नाहीत. नावात डेबियन शब्द वापरू नका. जीपीएलचं बंधन नीट वाचा: २००६मध्ये मेपिस या डिस्ट्रोला फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने स्पष्ट केलं होतं की, सोर्स कोड मूळ डिस्ट्रोकडे मिळतो एवढं सांगून भागत नाही, जो बायनरी वाटतो त्याच्यावरही जबाबदारी येते. प्रत्येक आयएसओबरोबर तिचा सोर्सही एका डिस्कवर साठवून ठेवा.

सहीची फाइल आणि चेकसम हे उपचार म्हणून उरकू नका. २० फेब्रुवारी २०१६ला लिनक्स मिंटची वेबसाइट फोडून कुणीतरी लोकांना मागचं दार ठेवलेल्या आयएसओकडे वळवलं होतं. इतक्या मोठ्या डिस्ट्रोचं हे झालं. तुमची फाइल तर पेन ड्राइव्हवरून हातोहात फिरणार. वापरणारा माणूस चेकसम तपासणार नाही, हे धरून चाला आणि बसवून देणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाला तो तपासायची शिस्त लावा.

इथून पुढे खरं काम. भाईंदरची माणसं सकाळच्या लोकलने जातात आणि रात्री दमून येतात, म्हणून मदतीची वेळ रविवारी सकाळी ठेवा, दर आठवड्याला, तीच वेळ, तीच जागा. सोसायटीचं ऑफिस किंवा वर्गाची रिकामी खोली चालेल. कुणी आलं नाही तरी बसा. लोकांना भरवसा वाटतो तो त्या नेमाने.

मशीन पुसण्याआधी मालकाला समोर बसवा. फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या, ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून फायली उघडतात हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्या, मगच पुढे जा. घाईत असलेल्या माणसाला ‘पुढच्या रविवारी या’ सांगा.

येणाऱ्या तक्रारींतल्या बऱ्याच लिनक्सच्या नसतात, पण सोडवायच्या तुम्हालाच आहेत. ‘एकही वेबसाइट उघडत नाही’ म्हणून पीसी येतो तेव्हा आधी तारीख बघा. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपली की घड्याळ मागे जातं आणि सगळी सर्टिफिकेटं खोटी ठरतात. खाडीच्या खाऱ्या, दमट हवेत रॅमच्या पट्टीचे संपर्कबिंदू काळवंडतात. खोडरबराने हलकेच घासून पुन्हा बसवली की पीसी उठतो. पावसाळ्यात वीज जाते आणि यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली असते, तेव्हा फाइलसिस्टिम ईएक्सटी४च ठेवा आणि अचानक बंद झाल्यावर बूट होताना काय दिसेल हे आधी सांगून ठेवा. कित्येक घरांत नेट येतं ते मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून. तिथे अपडेटने दिवसाचा डेटा संपवला तर माणूस अपडेटच बंद करायला सांगेल. म्हणून फक्त सुरक्षेचे अपडेट आपोआप येऊ द्या आणि मोठे अपडेट रविवारी, तुमच्याकडे आधी उतरवून ठेवलेल्या प्रतीवरून करा.

फोनवर मदत करताना तीन गोष्टी विचारा: काय करायला गेलात, पडद्यावर काय लिहिलंय आणि हे कधीपासून. पडद्याचा फोटो मागवा. पासवर्ड कधीही विचारू नका. तुम्हाला कुणी आपणहून सांगू लागलं तर थांबवा. दुरून पडदा ताब्यात घेणारं सॉफ्टवेअर डिस्ट्रोत घालू नका. एनीडेस्क वापरून बँक खाती रिकामी केली जातात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९मध्येच दिला होता. मदत मिळवायची म्हणजे अनोळखी आवाजाच्या हाती पडदा द्यायचा, ही सवय आपल्याकडून कुणाला लागता कामा नये. तुम्ही एकाच रस्त्यावर राहता, घरी जाऊ शकता.

‘टर्मिनल उघडा आणि हे टाइप करा’ हे उत्तर स्वयंसेवकांपुरतं ठेवा. आजोबांना कमांड वाचून दाखवणं म्हणजे मदत नव्हे. ‘गुगल करा ना काका’ हे तर तोंडातून निघूच नये; ते काका तुमच्याकडे आलेत ते त्यांनी गुगल करून झाल्यावर, किंवा कसं करायचं हे कळत नाही म्हणून. एकच प्रश्न दुसऱ्यांदा आला की त्याचं उत्तर लिहून डेस्कटॉपवरच्या मदतपुस्तिकेत घाला, नेट नसतानाही उघडेल अशा रूपात. तिसऱ्यांदा आला तर चूक तुमच्या सेटिंगमध्ये आहे असं समजून पॅकेज बदला. पहिल्या वर्षातले अपडेट बहुतेक याच वाटेने यायला हवेत.

मदत करणारे हातही वाढवत राहावे लागतात. २००७मध्ये मुलांना स्वस्त लॅपटॉप देणाऱ्या ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’चा भारतातला पहिला प्रयोग कर्जतजवळच्या खैराट धनगरवाड्यातल्या एकशिक्षकी शाळेत झाला. ४३३ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, १ जीबी साठवण आणि त्यात फेडोरावर चालणारा शुगर हा आटोपशीर डेस्कटॉप. कमी साधनांत काय बसवता येतं याचा तो उत्तम नमुना होता. तरी मुलांनी मान वर करून विचारायचं ते त्या एकाच शिक्षकाला. केरळने शाळांसाठी स्वतःचं लिनक्स केलं तेव्हा शिक्षकांचं प्रशिक्षण जोडीने चालवलं, आणि पुढे ‘लिटल काइट्स’मधून विद्यार्थ्यांचे गटही उभे केले. तुम्हीही शिकवणी वर्गातल्या नववी-दहावीच्या मुलामुलींना हाताशी घ्या. पेन ड्राइव्हवरून बूट करणं, बॅकअप घेणं, प्रिंटर जोडणं एवढं त्यांना सहा रविवारांत येतं.

माणसं मात्र कायमची नसतात. कॉलेज संपतं, बंगळुरूला नोकरी लागते, लग्नं होतात. व्हॉइड लिनक्सच्या संस्थापकाचा संपर्क २०१८मध्ये तुटला आणि डोमेन, चॅट चॅनेल, कोडचा ताबा हे सगळं त्यांच्याच हातात असल्यामुळे उरलेल्यांना नव्या पत्त्यावर घर थाटावं लागलं. डोमेन, सहीची किल्ली आणि गिटचा ताबा किमान तिघांकडे ठेवा, आणि वर्षातून एकदा तिघांनीही ते उघडून दाखवायचं असं ठरवा.

बंद करायची वेळही आधीच ठरवून ठेवा. क्रंचबँगचे फिलिप न्यूबरो यांनी फेब्रुवारी २०१५मध्ये आपलं काम थांबवत असल्याचं उघडपणे सांगितलं, आणि ज्यांना ती डिस्ट्रो हवी होती त्यांनी बन्सनलॅब्स उभं केलं. तुम्हालाही थांबावंसं वाटलं तर सहा महिने आधी प्रत्येक घरी कळवा. शेवटच्या अपडेटमध्ये तुमचा स्वतःचा सर्व्हर पॅकेजांच्या यादीतून काढून टाका आणि फक्त डेबियनचा पत्ता ठेवा. पाया सुरुवातीपासून नीट घातला असेल तर त्या मशीनांना डेबियनच्या त्या आवृत्तीची मुदत संपेपर्यंत अपडेट मिळत राहतील. ती तारीख मदतपुस्तिकेच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत छापा, आणि त्याखाली लिहा की त्यानंतर मशीन कुणाकडे न्यायचं.